आवाज आला की बटण दाबा

१

कानाच्या दवाखान्यात सगळेच ओरडून बोलतात. पेशंटना ऐकू येत नाही म्हणून ते ओरडतात, त्यांना ऐकू जावं म्हणून नातेवाईक ओरडतात, आणि दोघांना गप्प बसवायला डॉक्टर ओरडतात. या गोंगाटात मौनी तेवढी हळू बोलायची. तरी तिचंच सगळ्यांना समजायचं, कारण ती बोलायची ती माईकमधून, थेट त्यांच्या कानात.

मौनी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत बाईंनी उभं करून विचारलेल्या एकाही प्रश्नाला तिने उत्तर दिलं नाही, तेही उत्तर येत असताना, म्हणून बाईंनी चिडून ठेवलेलं ते नाव. गाव लहान असलं की टोपणनाव जन्माला पुरतं. आता तिशी उलटली, आईवडील गेले, भाऊ-वहिनीच्या घरातली मागची खोली तिची झाली, तरी मौनी ती मौनीच.

तिचं काम ऐकण्याची तपासणी करण्याचं. दवाखान्याच्या टोकाला एक बंद खोली होती, तिला सगळे ‘पेटी’ म्हणत. आत भिंतींना आणि छताला राखाडी फोम, खाली जाड गालिचा, एक खुर्ची आणि समोर दुहेरी काच. काचेच्या अलीकडे मौनी आणि तिचं मशीन. पेशंटने हेडफोन लावायचा, हातात बटण धरायचं आणि काचेकडे पाठ करून बसायचं. मौनी बारीक आवाज सोडणार. ऐकू आला की पेशंट बटण दाबणार, आणि मशीनवरचा लहानसा दिवा लागणार. आवाज कमी कमी करत न्यायचा, दिवा लागेनासा झाला की थांबायचं. पथ्य एकच, ठेका धरायचा नाही. आवाज सारख्या अंतराने सोडले तर माणूस ऐकू न येताही अंदाजाने बटण दाबत सुटतो. नवशिके हमखास इथे फसतात. मौनी नवशिकी राहिली नव्हती.

बाहेर ती जितकी गप्प, तितकी आत बडबडी. तोंडात मिठाची गुळणी आणि मनात दिवसभर टकळी. साबण संपला, वहिनी रुसलीये, चप्पल चावते, असं सगळं ती स्वतःशी बोलत असायची. गेल्या हिवाळ्यापासून मात्र ही टकळी एकाच माणसाच्या दिशेने चालायला लागली होती.

तो माणूस दिवसा स्पीकर दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी आपल्या बँडमध्ये गिटार वाजवून गायचा. खांद्यापर्यंतच्या केसांमुळे गाव त्याला झिंज्या म्हणे. भावाला कुणीतरी दिलेल्या फुकट पासावर मौनी गावच्या हॉलमध्ये गेली, मागच्या खांबाला टेकून उभी राहिली, आणि झिंज्याने एक सूर लांबवला. तो सूर तिच्या छातीत जाऊन बसला. घरी आल्यावरही तो गेला नाही. त्या दिवसापासून ती मनातल्या मनात त्याच्याशी बोलायला लागली. प्रत्यक्षात एक अक्षर नाही. रस्त्यात दिसला तर ती पलीकडच्या बाजूला जायची.

२

आणि एके सकाळी तोच पेटीच्या दारात येऊन उभा राहिला. निळा शर्ट, केस मागे बांधलेले, डोळ्यांखाली काळं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की कानात सतत आवाज येतो.

रोज शंभरदा म्हटलेलं वाक्य तिला म्हणता येईना. शेवटी तिने ठार बहिऱ्या पेशंटसाठी ठेवलेला पुठ्ठा काढला आणि त्याच्यापुढे धरला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आवाज आला की बटण दाबा.’

तो हसला. “ताई, मी अजून एवढा बहिरा झालो नाही हो.”

ताई. हिवाळ्यापासून मनाशी जपलेल्या माणसाने पहिल्या वाक्यात ताई म्हणावं, याला काय म्हणायचं! तिने पुठ्ठा तसाच धरून ठेवला. त्याने तिच्या गळ्याकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे, आणि त्याचा चेहरा मऊ झाला. हिला बोलता येत नाही, असा त्याने समज करून घेतला. तो समज मोडायला एक शब्द पुरला असता. मौनीने तो उच्चारला नाही.

तपासणी सुरू झाली. त्याची पाठ तिच्याकडे. आवाज, दिवा. आवाज, दिवा. इतकी वर्षं त्या दणदणाटात काढूनही त्याचे कान एखाद्या लहान मुलाचे असावेत असे स्वच्छ होते. मग तिने सवयीप्रमाणे मध्ये मोठी जागा सोडली. काहीही सोडलं नाही. नुसती त्याच्या मानेवर सुटलेल्या बटेकडे पाहत राहिली आणि मनात म्हणाली, कापू नका हो कधी.

दिवा लागला.

तिने मशीनकडे पाहिलं. आवाज बंद होता. कान वाजणारी माणसं अशी चुकतात, हे तिला शिकत होती तेव्हापासून पाठ होतं. तिने पुन्हा वाट पाहिली, आणि दिवा विझलेलाच राहिला. मग तिला वाटून गेलं, काल तुम्ही गिटारची तार बदललीत ना, ऐकलं मी. दिवा लागला. तिचं वाटणं संपलं आणि तो विझला.

ठेका चुकला असेल माझाच, असं तिने ठरवलं आणि तपासणी आटोपती घेतली.

३

टायरच्या दुकानामागच्या गोदामात बँडची तालीम चाले, आणि त्या गोदामाची मागची भिंत मौनीच्या स्वयंपाकघरासमोरच्या बोळात होती. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला जणू गळाच होता. संध्याकाळी भांडी घासताना मौनी नळ बारीक करून ऐकायची. वहिनीला हे कधीच कळलं होतं.

“नळ बंदच करा की वन्सं,” वहिनी म्हणाली. “भांडी काय, उद्याही घासता येतील. गाणारा रोज थोडाच मिळतो?”

मौनी मान खाली घालून घासत राहिली. वहिनी स्वभावाने वाईट नव्हती. तिला चेष्टेशिवाय माया करता येत नसे, एवढंच.

गोदामात गिटार सुरू झाली. मौनीच्या मनात आलं, किती छान, थांबू नका. गिटार थांबली. मधेच, सुराच्या पोटात. कुणीतरी चिडून काहीतरी बोललं, ड्रमवर काठी आपटली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. या खेपेस मौनीने पातेल्याचा तळ खरवडण्यात मन घातलं. गाणं शेवटपर्यंत गेलं. ती हात पुसत बोळाकडच्या खिडकीशी आली आणि मुद्दाम, करून पाहायचं म्हणून, मनात म्हणाली, मी इथे आहे.

गिटार थांबली.

योगायोग, असं ती स्वतःला बजावत राहिली. तालमीत माणसं थांबतातच. दिवसभरात आपल्या मनात इतकं येतं की कशाची तरी गाठ कशाशी तरी पडणारच. सगळं बरोबर होतं. तरी तिने खिडकी लावून घेतली, आणि उन्हाळा असूनही ती उघडली नाही.

४

डॉक्टरांनी त्याला शब्दांच्या तपासणीसाठी पुन्हा बोलावलं. ही तपासणी सोपी असते. मौनीने, काचेत ओठ दिसू नयेत म्हणून, तोंडावर हात धरून माईकमध्ये एकेक शब्द म्हणायचा, घर, पाणी, खुर्ची, असे साधे. पेशंटने ऐकलेला शब्द मोठ्याने परत म्हणायचा. त्याचा आवाज तिच्या बाजूच्या स्पीकरमधून येतो.

तो आत जाऊन बसला. पाठ फिरवली, डोळे मिटले. मौनीने माईक जवळ ओढला. आता बोललं की तो समज मोडणार. त्याहून वाईट म्हणजे, तो आवाज ओळखेल. कसा ओळखेल, त्याने तर तो कधी ऐकलेला नाही, असं तिची बुद्धी सांगत होती. मौनीने माईकचं बटण दाबलंच नाही. ती तशीच बसून राहिली.

मग स्पीकरमधून त्याचा आवाज आला. सपाट, आज्ञाधारक, शब्द परत म्हणणाऱ्या कुठल्याही पेशंटसारखा.

“साबण,” तो म्हणाला. “संपला. परत. वहिनीला. सांगायला. हवं.”

मौनीने माईकचं बटण पाहिलं, ते दाबलेलं नव्हतं.

“ताई म्हणाला. म्हणू दे. पण. शर्ट. तोच. निळा. घालून. आलाय.”

तिने अंगावरची ओढणी घट्ट ओढून घेतली, जणू तो पाहत होता. तो पाहत नव्हता. त्याचे डोळे मिटलेले होते आणि बटांमागे हेडफोनच्या गाद्या कानांना चिकटून बसल्या होत्या. आयुष्यभर तिने एकही गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती, आणि आता ती एकेक करून स्पीकरमधून बाहेर येत होती. तिला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखी. आणि त्या लाजेच्या तळाशी आनंदही होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. कुणीतरी तिचं ऐकत होतं.

“ऐकतोय,” स्पीकर म्हणाला. “हा. माझं. ऐकतोय.”

तिने मशीन बंद केलं.

५

मुक्या माणसापाशी लोक मन मोकळं करतात. तो पेटीबाहेर आला, तिच्यासमोरच्या स्टुलावर बसला आणि हेडफोनने दुखलेले कान चोळत राहिला.

“ताई, डॉक्टरांना मी खोटं सांगितलंय,” तो म्हणाला. “कान वाजत नाहीत माझे. बाई बोलते कानात. दिवसभर. काय काय सांगते, आज हे घासलं, तिथे गेले, पाऊल दुखतंय. आणि माझ्याबद्दल बोलते. मी कुठला शर्ट घातला, तार कधी बदलली. आधी वाटलं, सवय होईल. आता गाताना मला माझाच सूर सापडत नाही.”

मौनीने मान हलवली. ऐकते आहे, एवढंच सांगायला.

“वाईट नाही हो बोलत ती. तेच तर. शिव्या दिल्या असत्या तर परत शिव्या दिल्या असत्या. ही इतकं प्रेमाने बोलते की अंगावर काटा येतो.” त्याने मान खाली घातली. “मोठ्या हॉस्पिटलात एक डॉक्टर आहेत. ते नस कापतात. कान कायमचा जातो, पण सुटका होते म्हणे. या कानात ती जास्त बोलते. हा गेला तर गिटार विकून टाकीन. गेल्या हिवाळ्यात हॉलमध्ये गायलो, त्या संध्याकाळपासून झोप नाही मला. जगायचं तरी आहे ना.”

मन चिंती ते वैरी न चिंती. मौनीला तो खांब आठवला, छातीत जाऊन बसलेला सूर आठवला. बाहेर डॉक्टर कुणावर तरी ओरडत होते. झिंज्याने एकदम कपाळाला हात लावला आणि म्हणाला, “बघा, आता ती रडते आहे.”

मौनीचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

६

घरी जाताना तिने ठरवलं. गप्प बसणं तिला नवं नव्हतं. आता आतूनही गप्प बसायचं, इतकंच. त्याचा कान वाचवायला तिच्या हातात दुसरं काही नव्हतं, आणि त्याला खरं सांगण्याचं धैर्य तिच्यात नव्हतं.

पहिले काही दिवस जड गेले. जेवणाच्या सुट्टीत ती पेटीत जाऊन बसायची. तिथे आपल्याच गिळण्याचा आवाज येतो, मानेतली शीर ऐकू येते. मनात शब्द उमटला की ती तो खाली दाबायची, पाण्यात भांडं दाबतात तसा. आधी त्याच्याबद्दलचं बोलणं थांबवलं, पण ते बोलणं एकटं नव्हतं, त्याचे धागे सगळ्यात गुंतले होते. साबणाला साबण म्हटलं की वहिनी येई, वहिनी आली की नळ, नळ आला की गाणं. म्हणून तिने साबणाला साबण म्हणणंही सोडलं. हाताने घासायचं, पायाने चालायचं, नाव कशाचंच घ्यायचं नाही.

आणि जमलं. एका सकाळी ती उठली तेव्हा आत कुणी नव्हतं. चप्पल चावत होती, पण चावते असं कुणी म्हणत नव्हतं. संध्याकाळी गोदामातून गिटार ऐकू आली आणि ती नळ मोठा ठेवून घासत राहिली. ती गिटार आहे हे तिला कळत होतं. त्यापलीकडे काही होत नव्हतं.

वहिनीने चेष्टा करून पाहिली, मग चेष्टा सोडली. “वन्सं, बरं वाटत नाही का? रागावलात माझ्यावर?” तिने विचारलं. मौनीने मान हलवून नाही म्हटलं. वहिनीने तिच्या कपाळाला हात लावला, ताप नव्हता. तरी तिने हात चटकन मागे घेतला आणि रात्री नवऱ्याला म्हणाली की घरात कुणी नसल्यासारखं वाटतं. भिंतीपलीकडून मौनीने ते ऐकलं. या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

रस्त्यात झिंज्या समोरून आला. ती पलीकडे गेली नाही. त्याने हसून मान डोलावली, तिने डोलावली. सकाळच्या उन्हात त्याचा चेहरा पाहताना तिला आठवलं की याच्यासाठी आपण काहीतरी सोडलं होतं. काय, ते आठवेना.

७

हॉस्पिटलात जाण्याआधी डॉक्टरांनी त्याची शेवटची तपासणी ठेवली. “आज जर काही आढळलं नाही तर मी जाऊ देणार नाही याला,” ते मौनीला म्हणाले. “चांगला कान कापायचा म्हणजे काय! नीट कर गं.” आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले.

तो पाठ करून बसला. तिने आवाज सोडला, दिवा लागला. दुसरा सोडला, पुन्हा लागला. मग तिने हात मांडीवर ठेवले आणि थांबली. दिवा लागला नाही. ती आणखी थांबली. मशीनचा पंखा फिरत होता. दिव्याच्या काचेवर धुळीचा एक कण होता, तोही स्पष्ट दिसत होता. दिवा काळाच राहिला. म्हणजे त्याचा कान वाचला, गिटार वाचली. हे तिने समजून घेतलं. आनंद व्हायची जागा तिने आत चाचपून पाहिली, तिथे काही लागलं नाही.

आता शब्दांची तपासणी. तिला भीती नव्हती, म्हणून लाजही नव्हती. तिने माईक जवळ ओढला, तोंडावर हात धरला, आणि त्याच्या कानात पहिल्यांदा बोलली.

“घर.”

काचेपलीकडे त्याचे खांदे ताठ झाले. जरा वेळाने तो म्हणाला, “घर.”

“पाणी.”

“पाणी.”

“खुर्ची.”

“खुर्ची,” तो म्हणाला. त्याची मान हळूहळू एका बाजूला कलली, दूरचं काही ऐकणाऱ्या माणसासारखी. मौनी पुढचा शब्द म्हणणार होती. त्याआधीच स्पीकर बोलला.

“बोलायला. लागली. शेवटी.”

तिने माईकच्या बटणावरचं बोट उचललं. आत कुणीही काही म्हणत नव्हतं. तिने खात्री करून घेतली, तळापर्यंत. सगळं स्वच्छ, रिकामं होतं.

“बोट. उचललं,” तो म्हणाला. त्याची पाठ तिच्याकडे होती, डोळे मिटलेले. “तोंडावरचा हात. अजून. तिथेच. आहे. तिला. वाटतं. मी. गप्प. झाले.”

बटण गालिच्यावर पडलं होतं. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि एका हाताची बोटं दुसऱ्या हाताची पाठ गोंजारत होती, अगदी हलकेच, बाईमाणसाने गोंजारावी तशी. मशीनवरचा दिवा लागला. तो विझला नाही.

“मला. तिथे. राहू. दिलं. नाही. म्हणून. इथे. आले. इथे. बरं. आहे.” मध्ये मोठा श्वास आला, आणि पुढचे शब्द न अडखळता, एका ओळीत आले. “आता तिला घाबरावंसं वाटतंय. पण घाबरणारी मी होते.”

ते खरं होतं. मौनी दिव्याकडे पाहत होती आणि तिच्या अंगावर साधा काटाही उभा राहिला नाही. आता आपण किंचाळायला हवं, हे तिला एखाद्या पत्त्यासारखं माहीत होतं. दार उघडून त्याला बाहेर ओढायला हवं, त्याच्या कानांवरून हेडफोन काढायला हवा. हात मांडीवरच राहिले.

लांब, दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाला, डॉक्टरांनी त्यांच्या खोलीतूनच हाक मारली, “झालं का गं?”

पेटीत बाहेरचा आवाज जात नाही. ती बांधलीच तशी होती. मौनीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. उत्तर स्पीकरमधून आलं, त्याच्या गळ्यातून, पण अगदी हळू, नेहमीसारखं लाजत.

“हो डॉक्टर,” ते म्हणालं. “आलेच मी.”